कोबीच्या वाफ्यातला माणिककंठी

नवऱ्याला, रासमीला, पुरून पाच आठवडे झाले होते. त्या सकाळी ओस्ला रश्शासाठी कोबी कापायला परसात गेली, तर वाफ्यात पानांखाली एक पक्षी किडे टिपत होता. चिमणीएवढा, मातकट. त्यानं मान वर केली आणि माणकासारखा लालभडक गळा दिसला.

सायबेरियाचा माणिककंठी. वाऱ्यानं वाट चुकली की शेटलंडच्या या बेटावर क्वचित कधी उतरतो. चाळीस वर्षं दर ऑक्टोबरात तिचा नवरा याच्यासाठी दगडी कुंपणांआड भिजत बसला होता. एकदाच आला, तेव्हा रासमी नेमका दाढ काढायला मुख्य बेटावर लरविकला गेलेला. गावानं त्यावरून त्याला जन्मभर छळलं.

रडू येईल, म्हणून ओस्ला थांबली. आलं नाही. तिनं कोबी धुतला, चुलीवर चढवला, मग पक्षिकेंद्रातल्या एलीला फोन केला.

"नक्की तोच ना?"

"त्याचं चित्र आमच्या भिंतीवर आहे गं. एकवेळ जावई ओळखू यायचा नाही."

एली जरा घुटमळली. "बातमी दिली तर उद्या आपलं आठ जागांचं विमान भरून माणसं येतील. तुम्हाला नको असेल, तर मी गप्प बसते."

"येऊ देत. पण कुंपणाच्या आत कुणी पाय ठेवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी एलीबरोबर आठजण कुंपणाबाहेर दुर्बिणी लावून उभे राहिले. तासभर पक्षी पानांतून बाहेर येईना. तेव्हा एका उंच माणसानं मोबाइलवर त्याच्याच जातीची शीळ वाजवली. माणिककंठी उसळून बाहेर आला आणि शेपटी ताठ करून इकडेतिकडे धावू लागला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

ओस्ला हात पुसत बाहेर आली. "बंद करा ते."

"एकदाच, बाई. सहाशे मैलांवरून आलोय."

"आणि तो? अंगात चरबीचा कण उरला नसेल. खायचं सोडून आता त्या शिळेमागचा वैरी शोधतोय. असाच उपाशी राहिला तर मरेल."

माणसानं मोबाइल खिशात घातला. "चुकलं माझं," तो पुटपुटला. एलीनं सगळ्यांना वीस पावलं मागे घेतलं. थोड्या वेळानं पक्षी पुन्हा किडे टिपू लागला. ओस्लानं सगळ्यांना रस्सा वाढला, त्या माणसालाही.

चौथ्या दिवशी आभाळ निवळलं आणि वाफा रिकामा दिसला. एली नोंदवही घेऊन आली.

"पहिल्यांदा कुणी पाहिला, तिथं रासमीचं नाव घालू?" तिनं हळूच विचारलं. "कुणी हरकत घेणार नाही."

"नको. त्यानं पाहिला नाही. न पाहिलेला पक्षी त्यानं कधी लिहिला नव्हता. माझं घाल."

एलीनं लिहिलं. ओस्लानं बूट चढवले आणि मेंढ्या खालच्या कुरणात न्यायला ती निघाली.