कोपऱ्यातलं निळं पाणी

ता. १४ मार्च. सकाळपासून आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. अशा हवेत डिंक लवकर वाळत नाही, म्हणून माझा जन्म दोन दिवस लांबला.

मी एक प्रतिकृती बोलतेय. कारागीर मला मॉडेल म्हणायचा आणि त्याची बायको मला 'हा पसारा' म्हणायची. शहराच्या कडेला एक भलंमोठं थीम पार्क होणार होतं, त्याची मी छोटी नक्कल. अर्थात, नक्कल म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण जिची नक्कल करायची ती मूळ वस्तू तेव्हा कुठंच नव्हती.

सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत मी तयार झाले. कंपनीकडून आलेल्या नकाशात रस्ता होता, फाटक होतं, गाड्या लावायची जागा होती आणि एक पाण्याची टाकी होती. मधल्या सगळ्या मोकळ्या जागेवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खेळ – नंतर ठरेल'. उत्तरेच्या कोपऱ्याभोवती नुसती तुटक रेघ होती. तो कोपरा घ्यायचा की सोडायचा, हे कंपनीचंच अजून ठरलं नव्हतं. प्रदर्शनाची तारीख मात्र ठरली होती. "तुम्हाला सुचेल तसं करा हो," साहेबांनी फोनवर सांगितलं.

मग काय, जेवताना त्या घरात दुसरा विषयच राहिला नाही.

"उंच पाळणा पाहिजेच," बायको म्हणाली. "तो नसेल तर लोक मान वर करून बघणार काय?"

"पाळणा जुना झाला. आता उलटं टांगून नेणारी गाडी असते," कारागीर म्हणाला.

"उलटं कशाला टांगून घ्यायचं पैसे देऊन?" सासूबाईंनी विचारलं. "जावईबापू, आमच्यासाठी एक खेळ करा. बसायचं आणि अजिबात हलायचं नाही."

"त्याला बाक म्हणतात, आई."

"मग बाक करा. पण झाडाखाली करा."

असे ठरले माझे खेळ. शिवणयंत्राच्या बॉबिनचा पाळणा झाला. वहीच्या तारेचं वेटोळं उलगडून त्यावर उलटी गाडी बसवली. टूथपेस्टच्या टोपणांचे गरगर फिरणारे पेले झाले, आणि सरबताची नळी उभी चिरून घसरगुंडी. सासूबाईंचा बाक आगकाडीचा होता. तो झाडाखालीच ठेवला.

राहिला उत्तरेचा कोपरा. या धंद्यात एक रीत आहे. पाटीवर, म्हणजे मॉडेलच्या खालच्या फळीवर, रिकामी जागा सोडायची नाही. रिकामं दिसलं की गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोट ठेवतं आणि "हे काय राहिलं?" म्हणून विचारतं. म्हणून अशा जागी झाडं लावायची, नाहीतर पाणी ओतायचं. झाडांचा रंगवलेला भुसा संपला होता. कारागिरानं निळा रंग ओतला, त्यावर व्हार्निशचे दोन हात दिले आणि सूर्यफुलाच्या बीचं टरफल होडी म्हणून सोडून दिलं. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर त्याच्याइतकं देखणं दुसरं काही नव्हतं.

कंपनीच्या माहिती दालनात मला काचेखाली ठेवलं आणि काचेला कुलूप लावलं. लोक येऊ लागले. माणसांची एक गंमत मी तिथं पाहिली. समोर काय आहे यापेक्षा त्याचं पुढं काय होणार, हेच त्यांना जास्त दिसतं.

"हा पाळणा वर गेला की थांबणार बघ. वर हॉटेल असणार."

"पाळण्यात कसलं हॉटेल? जेवण सांडेल की!"

"अहो, हे पेले पाण्यात फिरणारे दिसतात. खाली यंत्र असेल."

"खाली टूथपेस्ट असेल," एक बाई म्हणाली. तेवढ्या एकीनं ओळखलं. नवऱ्यानं तिला गप्प केलं.

कारागीर दर रविवारी येऊन गर्दीत मागं हात बांधून उभा राहायचा. आपण कोण ते सांगायचा नाही, नुसतं ऐकायचा आणि खूश होऊन जायचा. साहेब पाहुण्यांना छडीनं माहिती द्यायचे. पहिल्या वेळी ते म्हणाले, "इथं बहुधा तलाव." पुढच्या वेळी 'बहुधा' गेलं. त्यानंतर नकाशे काढणारी मंडळी टेप घेऊन आली आणि माझ्या अंगावरून मापं घेऊन गेली.

मे महिन्यात एका रविवारी कारागिराची थोरली बहीण, ताई, भावाचं काम बघायला आली. सोबत भावजी होते. दोघांची लाँड्री होती. पुढं इस्त्रीचं टेबल, मागं राहायची खोली, आणि तिच्यामागं अंगणात कपडे वाळवायच्या दोऱ्या. ताईनं फाटक बघितलं, पाळणा बघितला, बाकावर कौतुकानं नजर फिरवली. मग ती टाकीपाशी थांबली.

"अरे, ही टाकी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे तीच ना?"

"असेल," कारागीर म्हणाला. तो ताईकडे जायचा ते नेहमी बसनं, दुसऱ्या बाजूनं. नकाशात ती गल्ली काढलेलीच नव्हती.

"असेल काय? तीच आहे. इथून वळलं की गिरणी. मग शाळेची भिंत. मग..." तिचं बोट काचेवरून सरकत गेलं आणि निळ्यावर थांबलं. "अगंबाई! आमच्या दारात होडी!"

भावजी हसले. "बरं झालं. कपडे धुवायला पाण्याची ददात नाही."

ताईही हसली. मग हसता हसता थांबली. "माझं घर कुठाय रे?"

"ताई, ते पाणी नाही. रिकामं दिसू नये म्हणून भरलंय नुसतं."

"मग पुसून टाक."

"कुलूप आहे."

"किल्ली माग की. तू केलंयस ना हे? मग तुला कोण नाही म्हणेल?"

तो तसाच साहेबांच्या खोलीत गेला. दार अर्धवट उघडं राहिलं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तलावच तर लोकांना सगळ्यात आवडलाय हो!" साहेब म्हणाले.

"साहेब, तो तलाव नाही. रंग आहे. तिथं माझी बहीण राहते."

"हो का? मग त्यांना नोटीस येईल, काळजी करू नका. नकाशात तलाव आता पक्का झालाय."

"पण तो तुम्ही माझ्या मॉडेलवरून घेतलात!"

"अर्थात. छान जमलंय ते."

साहेब तसे दुष्ट नव्हते. त्यांनी कारागिराला चहासुद्धा विचारला.

जून लागला. ऊन उतरलं, पण हवा कोंदट होती. ताईला नोटीस आली. सोमवारी दालन बंद असे आणि सफाईच्या मावशी काच उघडून धूळ पुसत. अशा एका सोमवारी दुपारी कारागीर पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला.

"मावशी, थोडी दुरुस्ती आहे."

"करा बाबा. पण सांडू नका, मी आत्ताच पुसलंय."

त्यानं पातळ पात्यानं माझं निळं खरवडून काढलं. मला दुखलं नाही, पण वाईट वाटलं हे कबूल करते. मग त्यानं खोक्यातून अख्खी गल्ली काढली. गिरणी, शाळेची भिंत, ओळीनं घरं. ताईच्या घरामागं शिवणाच्या दोऱ्यावर कागदाचे कपडे, नखाएवढे. प्रत्येक घर चिकटवण्याआधी त्यानं ते दोनदा सरळ करून बघितलं. पाळण्याला एवढं जपलं नव्हतं.

"आता दिसेल त्यांना," तो मावशींना म्हणाला. "माणसं राहतात म्हणून दिसेल."

लोकांना दिसलं. पुढच्या रविवारी माझ्याभोवती कधी नव्हती एवढी गर्दी झाली.

"अय्या, कपडे बघ किती छोटे!"

"ही जुन्या काळची गल्ली असणार. आत तिकीट काढून फिरायचं."

"कपडे धुणारी बाईसुद्धा ठेवतील बघ. खरी नाही, यंत्राची. मान हलवणारी."

"माणूसच ठेवतील. यंत्र महाग पडतं."

कारागीर मागं उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा तो गर्दीत बोलला. "ही खरी गल्ली आहे. आत्ता आहे. माझी बहीण राहते तिथं."

एका गृहस्थानं वळून अदबीनं विचारलं, "म्हणजे तुम्ही कंपनीचे का? उद्घाटन कधी आहे?"

साहेबांना गल्ली फारच आवडली. त्यांनी ती काढू दिली नाही. तलाव तिथंच होईल, ते म्हणाले, आणि त्याच्या काठाला अशीच एक गल्ली बांधू, हुबेहूब. कारागिराला त्यांनी विचारलं, मोठं मॉडेल करणार का? तो जिना उतरून गेला. त्यानंतर रविवारी तो आला नाही.

आता मी दालनाच्या जिन्याखाली असते. अंगावर जुनी चादर आहे. बॉबिनचा पाळणा एका बाजूला कलला आहे आणि उलटी गाडी तारेवरून केव्हाच घसरली. मावशी कधी चादर झटकतात, तेव्हा थोडा उजेड येतो. बाहेरच्या बातम्या मला त्यांच्याकडूनच कळतात.

माझं एकच मागणं आहे. पुढं कोणी माझ्यासारखं काही करायला घेतलं, तर जे ठरलेलं नाही ती जागा पाटीवर रिकामी सोडा. गिऱ्हाईक बोट ठेवील. ठेवू दे.

ता. ९ नोव्हेंबर. ऊन स्वच्छ, सकाळी गारवा. गल्लीतली सगळी घरं पाडून झाली. ताई आणि भावजी शहराच्या दुसऱ्या टोकाला चौथ्या मजल्यावर राहायला गेले. लाँड्री बंद झाली. कंपनीनं थीम पार्क रद्द केलं. तलाव खणला नाही.