शेवाळाची हजामत

आमच्या मागच्या अंगणातली भिंत कायम ओली असते आणि तिच्यावर शेवाळ उगवतं. नवऱ्याच्या मते हा भिंतीचा रोग, माझ्या मते तिचं नशीब. मी शेवाळांचीच तज्ज्ञ, त्यामुळे घरात माझं मत कुणी मनावर घेत नाही.

या वेळी मात्र मला संशय आला, की हे क्वचितच सापडणारं शेवाळ आहे. पंचाईत अशी, की गल्लोगल्ली उगवणारं एक शेवाळ हुबेहूब असंच दिसतं. पानं तीच, रंग तोच. फरक कळतो तो तपकिरी देठाच्या टोकावरच्या इवल्याशा बोंडात. ते पिकून झाकण गळलं, की आत बारीक दात दिसतात. साध्या शेवाळाचे आखूड आणि सरळ, दुर्मीळाचे लांब आणि दोरीसारखे पिळलेले.

"शनिवारी गवंडी येतोय," नवरा म्हणाला. "तोवर दात दाखव, नाहीतर गिलावा."

शुक्रवारी भिंग घेऊन गेले, तर शेवाळ गुळगुळीत. एक देठ शिल्लक नाही!

"आई, इथे कुणी हात लावला?"

"मीच, परवा," सासूबाई खुशीत म्हणाल्या. "तू फोटो काढणार म्हणालीस ना? वरचे वाळके केस कात्रीने कापले. कसं नीटनेटकं दिसतंय!"

"घ्या, दात यायच्या आधी हजामत!" नवऱ्याला हसू आवरेना. मला मात्र रडूच फुटलं.

आई गडबडल्या. "अगं, रडतेस काय? टाकलेत कुठे मी?"

सासूबाई काहीच टाकत नाहीत. रिकाम्या डब्या, बाटल्या, सुतळीचे तुकडे यांनी त्यांचं कपाट फुटायला आलंय. ते सगळं रविवारी भंगारात द्यायचं मी गुपचूप ठरवलंही होतं. त्यांनी मलमाची एक जुनी डबी आणून माझ्या हातात ठेवली.

"तू एवढं जपतेस, म्हणजे काहीतरी असेलच. म्हणून ठेवले."

डबीत देठ सुकले होते आणि बोंडांची झाकणं आपोआप गळली होती. मी एक बोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. दात लांब होते आणि झकास पिळलेले! मी ओरडलेच. नवऱ्याने बराच वेळ डोळा लावून पाहिलं आणि गवंड्याला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

रविवारी भंगारवाल्याला मी दारातूनच परत पाठवलं. मग औषधाची एक रिकामी बाटली धुऊन पुसून आईंच्या कपाटात ठेवली.

आईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "आणि झाकण कुठाय?"