धरणापासून पुलापर्यंत

धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा थोरली दुकानात एका कोटाला अस्तर लावत होती.

"ताई, दादा फोन का उचलत नाहीत?"

"ते पुलाखाली वेल्डिंग करतायत. त्या आवाजात फोन कसला ऐकू येतोय?"

धाकटी धरणावर कामाला होती.

"नदीत उतरलेत? आज कोणी उतरायचं नाही म्हणून ठेकेदाराला कळवलं होतं. वरून एकदम लोंढा आला, आम्हाला दारं उचलावी लागली. भोंगा वाजवलाय, पण तो काही पुलापर्यंत पोचत नाही. चौकीला सांगितलंय, तरी तुम्ही जा. पाण्याला तिथे यायला अर्धा तास लागेल, फार तर पाऊण."

थोरलीने दुकानात शिवायला बसलेल्या दोघींना एवढंच सांगितलं, "धरणातून पाणी सोडलंय. नदीत कोणाचं माणूस असेल तर वर बोलवा." आणि स्कूटर काढली.

एरवी पूल म्हणजे दहा मिनिटांचा रस्ता. दुसऱ्या चौकात औषधवाला घाईघाईने शटर ओढत होता.

"तिकडे कुठे निघालात? धरण फुटलंय."

"फुटलं नाही हो, पाणी सोडलंय."

तो ऐकायला थांबला नाही. बाजारात शिरेपर्यंत लोकांच्या तोंडी एक गाव वाहून गेलं होतं, पुढच्या वळणावर दोन. नदीकाठची सगळी वस्ती पोरंबाळं, गाद्या, टीव्ही घेऊन समोरून येत होती. टेम्पो आडवा, त्याला रिक्षा भिडलेली, पाय ठेवायला जागा नाही. तिचंच वाक्य गल्लीबोळांतून तिच्या पुढे निघून गेलं होतं आणि आता भलत्याच रूपात तिची वाट अडवून उभं होतं. खरंच फुटलं असेल तर? आपण घाबरू म्हणून धाकटीने लपवलं असेल तर? तिने स्कूटर भिंतीला टेकवली आणि लोकांना कोपराने बाजूला सारत धावत सुटली.

पूल रिकामा होता. कठड्याशी जनरेटर धडधडत होता आणि त्याची वायर खाली गेली होती. खाली, कोरड्या पात्रात, तोंडावर मुखवटा लावून नवरा खांबाच्या लोखंडाला चिकटला होता. निळा उजेड तडतडत होता.

"अहो!" ती ओरडली. पुन्हा ओरडली. जनरेटरने हाका गिळून टाकल्या. तिने चप्पल काढून भिरकावली, ती भलतीकडेच जाऊन पडली. मग तिला सुचलं. ती जनरेटरकडे वळली आणि लाल बटण दाबलं.

निळा उजेड विझला. नवऱ्याने मुखवटा वर केला. "कोण आहे रे वर? चालू कर ते."

"मी आहे. पाणी सोडलंय. वर या."

त्याने वरच्या अंगाला पाहिलं. नदी कोरडीच दिसत होती. तरी त्याने हातातलं टाकलं आणि धावला, पण शिडीकडे नाही, उलटा, पलीकडच्या काठाकडे.

"शिडी इकडे आहे! कुठे चाललात?"

"फिटर झोपलाय तिकडे."

तेवढ्यात वळणावर पाणी दिसलं. भिंतबिंत नव्हती. वीतभर उंचीची मातकट कड, पुढे काटक्या आणि बाटल्या ढकलत, फारसा आवाज न करता येत होती. तिच्या मागचं पाणी मात्र उंच होतं.

दोघे खांबाआडून निघाले तेव्हा फिटर अजून झोपेतच अडखळत होता. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. नवऱ्याने त्याला मानगुटीला धरून शिडीवर चढवलं. फिटरचा पाय पायरीवरून सटकला आणि तो तिथेच लोंबकळत राहिला. खाली नवरा कमरेइतक्या पाण्यात शिडी कवटाळून उभा होता.

"चढ रे बाबा," नवरा म्हणाला, अगदी हळू.

फिटर चढला. तिने आधी त्याला ओढलं, मग नवऱ्याची कॉलर धरली ती तो रस्त्यावर बसला तरी सोडली नाही. खाली खांबाला बांधलेली परांची कडाडून मोडली आणि वाहून गेली.

"शर्ट फाटेल," तो म्हणाला.

"शिवीन," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. दादा घरी आलेत हे ऐकल्यावर म्हणाली, "ताई, फुटलं असं मी म्हटलं नव्हतं हो. साहेब मलाच विचारतायत."

"मीही नव्हतं म्हटलं."

बाजारातल्या चेंगराचेंगरीत शेजारची इस्त्रीवाली पडली होती. उजवा हात मोडला होता. थोरली तिच्या घरी गेली आणि दुकानात आपण काय बोललो ते शब्दन् शब्द सांगितलं.

इस्त्रीवालीने ऐकून घेतलं. "तू काय बोललीस ते मला कुठे कळलं? माझ्यापर्यंत जे आलं, त्याला भिऊन मी पळाले." जरा थांबून तिने विचारलं, "तुझे हे आले ना वर?"

"आले."

"मग झालं तर." तिने प्लास्टर घातलेला हात उशीवर नीट ठेवला. "कोपऱ्यात गठ्ठा पडलाय बघ. उद्या द्यायचाय."

थोरलीने पदर खोचला आणि इस्त्री तापायला लावली.