तुलनात्मक तक्ता

इंटरनेटवर एकदा लिहिलेलं कधीच पुसलं जात नाही, असं बळवंत निगुडकरांनी फुलस्केप कागदाच्या माथ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि समोरच्या ईमेलची नक्कल करायला घेतली. ईमेल लहान होता. त्यांच्या पत्नी विमल निगुडकर यांचं संकेतस्थळ ज्या फुकट सेवेवर होतं ती सेवा बंद होणार होती. एकतीस मार्चनंतर सगळा मजकूर कायमचा काढून टाकला जाईल, तोवर त्यांनी तो दुसरीकडे हलवावा, असं कंपनीनं विमल निगुडकर यांना कळवलं होतं. विमलताई नोव्हेंबरात गेल्या होत्या. कंपनीला ते कुणी कळवलं नव्हतं.

बळवंतरावांनी पहिलं वाक्य खोडलं आणि त्या जागी 'विषय' असा शब्द लिहिला.

छत्तीस वर्षं त्यांनी सरकारी लेखापरीक्षणात काढली होती. त्यांच्या हातून एकही फाईल कधी हरवली नाही. पुढे सरकलेल्या मात्र मोजक्याच. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी घरात पंखा घ्यायचा झाला तर ते तीन दुकानांतून दरपत्रकं आणत, तुलनात्मक तक्ता करत आणि तो विमलताईंपुढे ठेवत. त्या पोळीचा हात पुसून, न वाचता, खाली 'मंजूर' असं लिहीत.

आणि दुपारी, सगळं आवरलं की, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्या स्वतःचं काहीतरी लिहीत. अकरा वर्षं लिहीत होत्या. "एकदा वाचा की," असं त्या कधीतरी म्हणाल्या होत्या. "तुकड्या-तुकड्यांत नको, सगळं एकदम बसून वाचीन," असं बळवंतरावांनी सांगितलं होतं. त्यात वाईट हेतू नव्हता. अर्धवट कागदपत्रांवर ते कधीच मत देत नसत.

इंदूरला मुलीला फोन केला तेव्हा अवंतिका ऑफिसात होती.

"बाबा, पहिले सगळं कॉपी करून घ्या. एका पेन ड्राइव्हमध्ये मावेल. होस्टिंग बाद में बघू ना."

"नवं गोदाम ताब्यात आल्याशिवाय माल उचलत नाहीत, अवंतिका. मध्येच गहाळ झालं तर जबाबदार कोण?"

"माल काय म्हणता, बाबा."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारली. शनिवारी बोलू, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

हलवण्यापूर्वी काय काय आहे याची यादी हवी. बळवंतरावांनी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं आणि रकाने आखले: अनुक्रमांक, दिनांक, शीर्षक, शब्दसंख्या. संकेतस्थळाच्या एका पानावर सगळ्या लेखांची यादी होती आणि प्रत्येकापुढे शब्दही मोजलेले होते, त्यामुळे एकही लेख उघडायची गरज पडली नाही. एकदा बोट घसरलं आणि एक लेख पडद्यावर पसरला. बळवंतरावांनी चटकन खिडकीकडे तोंड फिरवलं. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीकडे बघत, चाचपडत, त्यांनी ते पान बंद केलं. मग उठून पाणी प्यायले. नव्या जागी सगळं नीट लागलं की पहिल्यापासून वाचायचं, हे त्यांनी ठरवलेलं होतं.

यादीला नऊ दिवस लागले. लेख दोनशे चौदा.

गरिमाचं दुकान पाटणकर बाजारात, जिन्याखाली. ती परीक्षांचे फॉर्म भरून द्यायची, झेरॉक्स काढायची आणि कुणाला हवी असेल तर वेबसाइटही करायची. बळवंतरावांनी तिला लेखी दरपत्रक मागितलं तेव्हा तिनं आधी त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या रजिस्टरकडे पाहिलं.

"काका, छोटीशी साइट आहे काकूंची. शेअर्ड होस्टिंग घ्या, बस. एका मशीनवर खूप जणांच्या साइट असतात, म्हणून स्वस्त पडतं."

"आणि दुसरं?"

"व्हीपीएस. मशीन तेच, पण आपला हिस्सा वेगळा. तिसरं, पूर्ण मशीन आपलं. ते तर बँकवाले घेतात."

"तिन्हींचे दर दे. लेटरहेडवर."

आणखी दोन दरपत्रकं कंपन्यांना ईमेल करून मागवली. एक आठवडाभरात आलं. दुसऱ्यात जागेच्या रकान्यात 'अमर्याद' असं लिहिलेलं होतं. अमर्याद ही संख्या नव्हे, सबब तिची तुलना करता येत नाही. कृपया नेमका आकडा कळवावा, असं बळवंतरावांनी उलट लिहिलं. कंपनीनं उत्तरादाखल एक हसरा चेहरा आणि तेच दरपत्रक पुन्हा पाठवलं. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. पंधरा दिवसांनी दुसरं. यात फेब्रुवारी संपला.

मंजुरीचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांना संभाजीराव आठवले. संभाजीराव त्यांच्याच कार्यालयातून, एक पायरी वरून निवृत्त झाले होते. ते चहाला आले, तक्ता दोन्ही हातांत धरून वाचला आणि पहिला आक्षेप घेतला.

"बळवंतराव, शेअर्ड नको. वहिनींना सामायिक नळ तरी कधी चालला का? जनकगंजचं घर त्यापायीच सोडलंत ना तुम्ही?"

"पण दर सर्वांत कमी त्याचा आहे."

"मग कमी दराचं का नाकारलं, त्याचं कारण नोंदवावं लागेल." संभाजीरावांनी बिस्किट चहात बुडवलं. "आणि महिन्याला किती लोक येतील, ते इथं कोरं सोडलंय."

बळवंतरावांनी तक्ता आपल्याकडे ओढला. तो रकाना भरायला ते दोनदा बसले होते. पहिल्यांदा त्यांनी शहराच्या लष्कर भागातली मराठी वाचणारी घरं मोजायला घेतली होती. सुलोचनाबाईंचं नाव लिहिल्यावर त्या मागच्या वर्षीच गेल्याचं आठवलं. दुसऱ्यांदा त्यांनी 'एक' असं लिहिलं आणि खोडलं.

"लिहा, सुमारे शंभर," संभाजीराव म्हणाले. "कोण तपासणार आहे? हसू नका, बळवंतराव, मी गंभीर आहे."

बळवंतराव हसत नव्हते. फेरप्रस्ताव करायला त्यांना आणखी दोन आठवडे लागले. मध्ये पाडवा आला. त्या वर्षी गुढी नव्हती, पण सुट्टी त्यांनी पाळली.

सव्वीस मार्चला ते दुकानात गेले तेव्हा गरिमा ओरडलीच.

"काका! अजून होऊनच राहिलंय तुमचं? एकतीसला बंद होईल ते. लॅपटॉप द्या इकडे, आत्ता कॉपी करून देते. अर्धा तास लागेल, पैसे नका देऊ."

"कार्यादेश निघालेला नाही, गरिमा. आदेशाशिवाय तू काम करायचं नाहीस आणि मी करवून घ्यायचं नाही."

"पण तारीख?"

"एकतीस मार्च मला शिकवू नकोस, बेटा."

हे त्यांनी प्रेमानं सांगितलं. छत्तीस एकतीस मार्च त्यांनी आतून पाहिले होते. त्यांतला एकही एकतीस तारखेला संपला नव्हता. हिशेब पुढेही उघडे राहत, उरलेली बिलं मार्चच्याच नावानं जमा होत, आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत कुणी मार्च मिटला असं म्हणत नसे. कायमचं काढून टाकण्यात येईल, असं बजावणारी परिपत्रकं त्यांनी स्वतः काढली होती. खरं सांगायचं तर, त्यांतलं काहीही कधी काढून टाकलं गेलं नव्हतं.

संभाजीरावांनी तीस मार्चला तक्त्यावर सही केली. 'अटी व शर्तींच्या अधीन राहून मंजूर.' व्हीपीएस, तीन वर्षांसाठी. बळवंतरावांनी त्याच दिवशी पैसे भरले, पावती फाईलला लावली आणि दोन एप्रिलला, ऊन चढायच्या आत, कार्यादेशाच्या दोन प्रती आणि लॅपटॉप घेऊन पाटणकर बाजार गाठला.

गरिमानं एक प्रत वाचली, सही करून परत दिली. मग लॅपटॉप आपल्याकडे वळवला. पत्ता दाबला. पुन्हा दाबला. आपल्या फोनवर तोच पत्ता टाकून पाहिला.

"काका, नाहीये."

"सप्लिमेंटरीत असेल."

"काय?"

"वर्ष संपल्यावर काही दिवस मागचं उघडं ठेवतात. कुठेतरी वेगळं लावलं असेल. विचार त्यांना."

तिनं ईमेल केला. चार मिनिटांत उत्तर आलं; माणसानं लिहिलेलं नव्हतं. दुपारपर्यंत ती काय काय शोधत राहिली. झेरॉक्ससाठी आलेल्यांना तिनं समोरच्या दुकानात पाठवलं. शेवटी तिला इंटरनेटवरच्या कुठल्याशा जुन्या साठ्यात साइटवरचा एक फोटो सापडला: डब्यात रचलेल्या गुळाच्या पोळ्या. बळवंतराव स्टुलावर ताठ बसून होते, मांडीवर फाईल.

"काकू आधी वहीत लिहायच्या का? काही असेल घरात?"

"नाही. ती थेट लिहायची. खोडायचीसुद्धा नाही."

उठताना त्यांनी कार्यादेशाची सही केलेली प्रतही तिच्याकडेच ठेवली.

शनिवारी अवंतिका आली. ती ओरडेल असं बळवंतरावांना वाटलं होतं. तिनं बॅग ठेवली, चहा केला, दोन कप टेबलावर आणले आणि रजिस्टर ओढून घेतलं. मराठी ती सावकाश वाचायची. एकेका शीर्षकाखाली तिचं बोट सरकत होतं.

"'मोरारची मावशी.' हे आईनं फोनवर वाचून दाखवलेलं मला. 'पाहुणे गेल्यावर.' हे पण. यात ती शेवटी उरलेली भाजी स्वतःच खाते आणि कुणाला सांगत नाही."

बळवंतरावांनी मान हलवली, जणू त्यांना ते माहीत होतं.

"काही काही मला येतात, बाबा. जेवढं आठवेल तेवढं लिहून घेऊ. तुम्हाला जे येतात ते तुम्ही सांगा."

त्यांनी कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठांना लावला. ती पानं उलटत राहिली. एका ओळीवर तिचं बोट थांबलं आणि ती पहिल्यांदाच हसली.

"अरे, हे तर ऐकलंच नाही मी. एकशे त्रेचाळीस. 'हे पोट धरून हसले तो दिवस.'" तिनं वर पाहिलं. "तुम्ही? कधी हो? काय झालं होतं?"

बळवंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. रजिस्टर आपल्याकडे वळवून घेतलं आणि त्या ओळीवर पट्टी ठेवली. अवंतिका हनुवटीखाली हात घेऊन वाट बघत होती.

"सहाशे बारा शब्द," ते म्हणाले.