रंगाखाली गेलेलं नाव

मी एक रेकॉर्ड बोलतेय. काळी, ताटलीएवढी, मधोमध भोक असलेली. सुई टेकल्याशिवाय बोलायची मला सवय नाही, कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

माझ्यात एकच आवाज आहे, कवठे येमाईच्या बिरदेवचा. मेंढरं विकून तो नुकता शेतीला लागला होता. त्याची धनगरी ओवी ऐकून कुणीतरी त्याला पुण्याला नेलं. बंद खोलीतल्या त्या माइकसमोर ढोलवाले बिचकले, पण हा कानावर हात ठेवून माळावर गावं तसा मोकळा गायला. ओवीच्या शेवटी त्याने आपलं आणि गावाचं नाव गुंफलं. माझ्यासारख्या मोजक्याच निघाल्या. त्याला मिळालेली प्रत त्याने पाहुण्यांना देऊन टाकली, घरात रेकॉर्ड वाजवायचं मशीन कुठे होतं!

मला न्हावऱ्याच्या हौसरावांनी विकत घेतलं. ते लग्नाला, जत्रेला स्पीकर लावायचे. जत्रेत दोन स्पीकरवाले शेजारी आले की रेकॉर्डींची अदलाबदल व्हायची आणि मग भांडणं. म्हणून भांड्यांवर घालतात तसं हे लोक आमच्यावर नाव घालायचे, तेही ऑइलपेंटने. हौसरावांनी माझ्या मधल्या कागदावर दोन्ही बाजूंना ऐसपैस लिहिलं, ‘हौसराव, न्हावरे’. त्या लाल रंगाखाली बिरदेवचं नाव गेलं. कुणाला काही वाटलं नाही, कारण तेव्हा आवाज ऐकूनच लोक नाव सांगायचे.

पुढे कॅसेटी आल्या आणि मी पत्र्याच्या पेटीत गेले. हौसराव वारल्यावर मुलांनी मला कर्ण्यासकट दौंडला मारुतरावांच्या दुकानात आणून टाकलं. दुकान तसं रेडिओ दुरुस्तीचं, पण जुन्या रेकॉर्डींचे गठ्ठे बघून पुण्याची हौशी मंडळी दुर्मिळ काही शोधत येतात. माझ्यावरचा रंग बघून नाक मुरडायची. मला त्याचा रागही यायचा नाही.

मग एकदा प्रगती आली. बिरदेवची नात, शिक्रापूरला कंपनीत कामाला. शिरूरची दुकानं पालथी घालून आली होती.

“मामा, कवठ्याच्या बिरदेवांची ओवी हाय का? आबा जाऊन लई वर्षं झाली. आजीला एका कानानं थोडं ऐकू येतंय, त्येबी जाणार म्हणत्यात डॉक्टर. त्याच्या आत आबांचा आवाज ऐकवायचाय तिला.”

“नाव वाचून बघ पोरी,” मारुतराव म्हणाले. “मला सगळ्या ठावं न्हाईत, अन् लावून बघाय चालू मशीन न्हाई.”

तिने मला उचललं, वाचलं. “ह्ये हौसराव कोण गाणारं?” असं पुटपुटत बाजूला ठेवलं. अहो, मी तिच्या हातात होते! तेव्हा इतका जीव तुटला, पण ओरडणार कशी?

सुट्टी मिळाली की ती यायची. दरवेळी गठ्ठे उपसायची, दरवेळी मला बाजूला ठेवायची. “आजीला आता वरडून सांगाय लागतंय,” असं एकदा म्हणाली. नंतरनंतर आजीविषयी बोलेनाशीच झाली.

शेवटी मारुतरावांनी एक मशीन दुरुस्त केलं आणि ते चालतंय का बघायला हाताला लागली ती रेकॉर्ड लावली. ती मी होते. प्रगती समोरच होती. ओवीच्या शेवटी आजोबाचं नाव ऐकलं आणि तिने सुई उचलून पुन्हा तिथेच टेकवली. मारुतराव कितीतरी वेळ माझ्यावरचा रंग नखाने खरवडत राहिले.

तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर नुसतं नाव वाचून तिला बाजूला ठेवू नका. एकदा लावून ऐका. तेवढंच मागणं आहे.

आता मी कवठ्यात आहे. प्रगतीने मशीनही सोबत आणलं. अनसाबाई, बिरदेवची बायको, भिंतीला टेकून बसली होती. प्रगतीने आवाज पूर्ण सोडला. गल्लीतली माणसं दारात गोळा झाली, कुणी डोळे पुसले. म्हातारी मात्र सगळ्यांची तोंडं बघत होती. मग तिने मशीनवर तळवा ठेवला. खालून ढोलाची थरथर लागली असावी.

“आलं का त्ये?” तिने विचारलं.

प्रगतीने मान हलवली.

अनसाबाईने पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडे वाकून, बहिरी माणसं बोलतात तशी मोठ्याने म्हणाली, “लई उशीर केलासा. मला न्हाई ऐकाय येत आता. पर थांबू नगा, तुमी म्हणा.”