माझ्या पोटात जागा उरली नव्हती

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल आहे. माझं नाव विचारू नका. ते पाठीवरून केव्हाच पुसलं गेलं. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यात तडा आहे, आवाजाचं बटण आत रुतलं आहे, आणि चार्जरची वायर जरा वाकडी धरून ठेवली तरच मला घास भरवता येतो. हट्टी बाळाची मान धरून भरवावं लागतं ना, तसं. म्हसवडच्या एसटी स्टँडमागच्या वस्तीत, दोन खोल्यांच्या एका घरात मी राहतो. तुम्ही रोज माझ्यासारख्या कुणाला तरी हातात धरता, म्हणून वाटलं, तुम्हालाच सांगावं.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींनी मला जोडलं. त्यातल्या एकीनं मऊ कापडानं माझं तोंड पुसलं आणि मला खोक्यात निजवलं. मग किती तरी काळ नुसता अंधार. खोकं उघडलं तेव्हा समोर राजरत्न होता, गालावर खळी पडेपर्यंत हसणारा. तो हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागला होता आणि पहिल्या पगारात त्यानं मला घरी आणलं होतं.

त्या दिवशीचं माझं कौतुक काय सांगू! त्याच्या आईनं, चंद्राबाईंनी, मला बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवून मेणबत्ती लावली. "घरात पयलाच आलाय असला. जपा रं त्याला," म्हणाल्या. वडील यल्लाप्पा, पोरांचे अण्णा, गवंडीकाम करतात. ते आधी हाताचं सिमेंट खसाखसा धुवायचे आणि मगच मला हात लावायचे.

पुढं साथीच्या काळात शाळा बंद पडल्या तेव्हा राजरत्नची धाकटी बहीण पिंकी माझ्यावरच शिकली. रेंज फक्त अंगणातल्या लिंबाखाली यायची. ती तिथं पोत्यावर बसायची, मला उभ्या विटेला टेकवायची आणि माझ्यावर ऊन आलं की स्वतःची ओढणी धरायची. मला अजून त्या ओढणीची सावली आठवते.

बारावी झाली आणि पिंकीनं पोलीस भरतीचं मनात घेतलं. पहाटे माणगंगेच्या कोरड्या पात्रात ती पळायची आणि राजरत्न काठावर मला धरून वेळ मोजायचा.

"पळ पिंके! मागनं अण्णा काठी घेऊन आलं बघ!"

"हसवू नगं की दादा, दम तुटतोय!"

दोघं बहीणभाऊ वाळूत बसून हसायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेच.

मग त्या नव्या फोनची बातमी आली. बातमी तरी कशी म्हणू? तो अजून बाजारात आला नव्हता. ज्यांनी तो बनवायचा, त्यांनीही तोंड उघडलं नव्हतं. कुठल्याशा अंधुक सावलीचा एक फोटो फिरत होता, एवढंच. पण स्टँडसमोरच्या उदयसिंहच्या मोबाईलच्या दुकानात त्याच्याशिवाय दुसरा विषय उरला नाही.

"उन्हावर चार्ज होतोय म्हणं," उदयसिंह सांगायचा.

"मग म्हसवडात त्याला उपाशी ऱ्हायची पाळीच न्हाई!" राजरत्न म्हणायचा.

"टॉवर नसला तरी रेंज. डोंगरात, विहिरीत, कुठंबी."

"विहिरीत कुणाला फोन लावतूस गड्या, बेडकाला?"

सगळे हसायचे. हसता हसता विश्वास ठेवायचे. उदयसिंहच्या दुकानात फुकट नेट होतं. राजरत्न तिथं बसून त्या फोनचे व्हिडिओ माझ्यात उतरवून घ्यायचा आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा बघायचा. दिवाळीला येणार, असं आधी ठरलं. दिवाळी गेली. मग गुढीपाडव्याला येणार. पाडवाही गेला. मग बेंदराच्या सणाच्या आसपास. दर तारखेला नवा अंदाज, नवे व्हिडिओ. न जन्मलेल्या त्या फोनच्या गोष्टी माझ्याच पोटात साठत गेल्या.

आणि मी? मी 'डबा' झालो. हँग झालो की तळहातावर आपटून घ्यायचो. तडा वाढला तरी काच बदलली नाही. "आता ह्याच्यावर कशाला खर्च? नवा येतोयच," हे वाक्य घरात मीठ मागावं इतक्या सहज बोललं जाऊ लागलं.

एकदा तर राजरत्न त्या फोनचं कव्हरच घेऊन आला. फोनचा पत्ता नाही आणि कव्हर बाजारात! चंद्राबाईंनी ते उलटंपालटं करून बघितलं.

"आरं, लेकरू जल्मायच्या आदी कुणी झबलं शिवतं व्हय? असं करू नी."

"आये, फोन हाय त्यो, लेकरू न्हाई."

"मग लेकरावानी वाट का बघतूयास?"

तो लाजला. वाईट मुलगा नाही हो तो. त्याच रात्री पिंकीला म्हणाला, "नवा आला का हा तुझा. सगळाच्या सगळा." पिंकीला इतका आनंद झाला की त्यानंतर तिनं माझ्याबद्दल कधी तक्रार केली नाही. दादाच्या फोनमधलं काही पुसलंही नाही. जे अजून आपलं झालं नाही, त्याला कसा हात लावायचा, असं तिला वाटत असावं.

तिच्या भरतीच्या अर्जात माझाच नंबर होता. घरातला दुसरा, बटणांचा फोन यल्लाप्पांबरोबर कामावर जायचा. आणि त्या अर्जावर तिचं पुढचं सगळं अवलंबून होतं. आकाराम नावाचे एक पाहुणे होते, त्यांच्या मुलाचं स्थळ आलं होतं. यल्लाप्पा म्हणाले होते, "ह्या भरतीपतूर थांबतो. न्हाई झालं, तर मग माझं ऐकायचं."

"ऐकंन की अण्णा," पिंकी म्हणाली होती. आपण पास होणार याची तिला खात्री होती. मलाही होती. तिचे आठशे मीटर मीच मोजले होते.

मैदानी चाचणीची तारीख पावसाळ्यात आली. आमच्या म्हसवडला धूळ उडत होती आणि साताऱ्यात मैदानाचा चिखल झाला होता. पिंकीसकट सगळ्या मुलींना गेटवरूनच परत पाठवलं. नवी तारीख मोबाईलवर कळेल, असं सांगितलं.

"दादा, ध्यान ठिव हां."

"आला का पयलं तुलाच सांगतो."

तो रोज बघायचा, खोटं सांगत नाही. पण माझं पोट गच्च भरलं होतं. मी कपाळावर पाटी लावून सांगत होतो की जागा संपली आहे, आता नवे निरोप येऊ शकणार नाहीत. राजरत्न ती पाटी अंगठ्यानं बाजूला सारायचा, ताटावरची माशी हाकलावी तशी. "ह्याची साफसफाई आता कशाला? नवा येतोयच." माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, मित्रांनो. एवढी एक पाटीच काय ती माझी भाषा.

पिंकी स्टँडवर जाऊन साताऱ्याहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरला विचारायची, "मामा, तिकडं पाऊस हाय का?"

"अगं, साताऱ्यात पाऊस कवा नसतो?" तो हसून म्हणायचा.

तो गमतीनं बोलायचा आणि ती खरं धरून बसायची. डोक्यावर कोरडं आभाळ घेऊन साताऱ्याच्या चिखलाचा अंदाज बांधत राहायची. शेवटी तिचा धीर सुटला. "दादा, जाऊन तरी बघू या." राजरत्ननं दुकानातून सुट्टी घेतली आणि दोघं पहिल्या गाडीनं निघाले. मी त्याच्या वरच्या खिशात होतो.

मैदान वाळलं होतं. फक्कीच्या पांढऱ्या रेघा धावणाऱ्या पायांनी विस्कटून गेल्या होत्या. गेटवर एक वयस्कर पोलीस होते.

"मुलींचं काल संपलं की बाळा."

"संपलं? पण आमाला निरोपच न्हाई आला!"

"सगळ्यांना गेलाय. बघू फोन."

राजरत्ननं मला पुढं केलं. त्यांनी चष्मा वर केला आणि माझ्या कपाळावरची पाटी वाचली. इतक्या दिवसांत ती वाचणारे ते पहिलेच.

"अरे, हा भरलाय की. निरोप यायला जागाच नाही याच्यात. एवढं काय भरून ठेवलंयस?"

 राजरत्न गेटच्या भिंतीशी उभा राहून नव्या फोनचे व्हिडिओ पुसू लागला. उन्हावर चार्ज होणारा गेला, विहिरीत रेंज पकडणारा गेला, ती सावली गेली. त्याच्या अंगठ्याला घाम फुटला होता, मला सारखा ओला लागत होता. थोडी जागा झाली आणि बाहेर ताटकळलेला निरोप माझ्यात शिरला. मी थरथरलो. थरथरायचं नव्हतं मला.

पिंकीनं त्याच्या खांद्यावरून वाचलं. कालचीच तारीख होती.

बहीणभावांनी आत जाऊन विनंती केली, अर्ज लिहून दिला. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. त्यापुढं काही झालं नाही.

परतीच्या गाडीत पिंकी खिडकीकडं तोंड करून बसली. "पिंके, मार की मला. बोल तरी," राजरत्न म्हणत राहिला. पुसेगावला गाडी थांबली तेव्हा त्यानं उतरून पाण्याची बाटली आणली. तिनं अर्धी प्यायली आणि अर्धी त्याच्याकडं दिली. "तुलाबी तहान लागली आसंल," एवढंच म्हणाली. तेव्हा तो सीटच्या दांड्यावर डोकं टेकवून रडला. मग मला तिच्या ओटीत ठेवून म्हणाला, "आजपासनं तुझा."

"आता कशाला, दादा?" तिनं विचारलं. पण मला खाली ठेवलं नाही.

मी पिंकीचा झाल्यावर माझ्यावरून पहिला फोन यल्लाप्पांनी लावला. आकाराम पाहुण्यांना, रविवारी बघायला या म्हणून. ते बोलत होते तेव्हा पिंकी चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात मध्येच थांबला आणि पुन्हा चालू लागला. ती शब्दाला जागली, स्थळाला नाही म्हणाली नाही. राजरत्न एकदा म्हणाला, "अण्णा, आजून एक साल थांबा की." यल्लाप्पांनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो बाहेर निघून गेला.

तो नवा फोन अजून आलेला नाही. उदयसिंह आता पुढच्या दिवाळीचं सांगतो. राजरत्न त्या दुकानावरून मान खाली घालून जातो.

मित्रांनो, नव्याची वाट जरूर बघा. मीही कधी काळी नवाच होतो. पण जो हाताशी आहे त्याच्या कपाळावरची पाटी एकदा वाचा, मग तो फोन असो की घरातलं माणूस. जे अजून जन्मलंच नाही, त्याच्या गोष्टींनी त्याचं पोट इतकं भरू नका की त्याच्याकडं यायला निघालेलं काही दारातच अडून राहील. माझी एवढीच विनवणी आहे.

पिंकी मला जपते. रोज ओढणीच्या टोकानं पुसते, वायर वाकडी धरून शेजारी बसून राहते. माझ्यात आता भरपूर जागा आहे. तिला मात्र कुणाच्या निरोपाची वाट बघायची उरलेली नाही.