दोन नंबरची बोट

जूनच्या पहिल्या रविवारी वेदगंगेच्या काठावर स्वयंसेवी जलरक्षक दलाची परीक्षा झाली आणि नको तो निकाल लागला. नदी पोहून पलीकडं जायचं, तिथं ठेवलेलं वाळूचं पोतं हाच बुडता माणूस समजायचा आणि त्याला ओढत अलीकडं आणायचं, अशी परीक्षा. अक्षरा पहिली आली. नुसती पहिली आली असती तरी निभावलं असतं. पण दुसरा आलेला साईराज पोत्यासकट नदीच्या मध्यावर असताना ती काठावर उभी राहून वेणी पिळत होती, आणि हे बायकांसकट सगळ्या घाटानं बघितलं.

दलप्रमुख विक्रमआण्णा शिट्टी तोंडात धरून तसेच उभे राहिले.

आण्णा नौदलातून निवृत्त झालेले. नोकरी सगळी किनाऱ्यावरच्या गोदामात गेली होती. पण निपाणीपासून समुद्र इतका लांब की गावाला गोदाम आणि जहाज यातला फरक कळत नव्हता. गाव त्यांना नेव्हीआण्णा म्हणे. दल काढल्यावर त्यांनी पदाधिकाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. दलाची नोंदणी कन्नडमध्ये, हजेरी मराठीत, बोटीच्या इंजिनावरच्या सूचना इंग्रजीत. सगळ्यांना समजेल असं एक काहीतरी हवंच होतं. तिचं पहिलं कलम आण्णांचं फार लाडकं. स्वयंसेवकाला पगार नसतो, म्हणून त्याला हुकूम देता येत नाही, विनंती करावी. दल राजीखुशीनं चालतं. पुढं कुठंतरी असंही कलम होतं की परीक्षेत जो पहिला येईल तो एक नंबर बोटीचा प्रमुख. हे लिहिताना ‘जो’ म्हणजे कोण, हे आण्णांनी मनाशी गृहीत धरलं होतं.

दलाकडं बोटी दोन. एक नंबर नवी, रबरी, कोल्हापूरहून आणलेली, दोरी ओढताच गुरगुरणारं इंजिन असलेली. तिचा निम्म्याहून जास्त खर्च तिच्यावरच्या पोरांचा म्होरक्या नागोजी यानं केला होता, तिला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता आणि ‘गंगामाई’ असं नाव रंगवून घेतलं होतं. ही बोट जिवंत माणसांसाठी. दोन नंबर म्हणजे जुनी फायबरची. ती मढ्यांसाठी. मेलेल्या माणसाला कुठं जायची घाई नसते, या हिशेबानं जुनं, खोकणारं इंजिन तिला बसवलं होतं.

आणि दोन नंबरवर माणसं एकाच गल्लीची. कुणी नेमलं नव्हतं. एकोणीसच्या पुरात एक प्रेत पुलाच्या कमानीत अडकलं, दोन दिवस गाव नाकाला रुमाल लावून बघत उभं राहिलं, तेव्हा बुद्धविहाराशेजारचा भरमा कमरेला दोर बांधून उतरला आणि त्यानं ते काढून आणलं. माणुसकी म्हणून. दुसऱ्या वेळी त्याला बोलावणं आलं. तिसऱ्या वेळी, ‘अजून कसा आला न्हाय हा?’ अशी विचारणा झाली. पुढं भरमा वारला; आता त्याची मुलगी अक्षरा, जी निपाणीच्या दवाखान्यात नर्स होती, आणि पुतण्या बुद्धप्रिय, जो चिकोडीच्या कोर्टात वकिली करत होता, दोन नंबर चालवत. राजीखुशीनं.

परीक्षेनंतर चहा झाला. चहाच्या बाबतीत दलात कसलाही भेदभाव नव्हता. कागदी कप आल्यापासून गावाचा तो प्रश्न परस्पर सुटला होता; पिऊन झाल्यावर सगळ्यांचेच कप चुरगाळून टाकायचे असतात.

“सर,” अक्षरा म्हणाली, “निकाल लागला. एक नंबर माझी.”

“लागला की. कोण न्हाय म्हणतंय?”

“मग?”

“मग काय गं... पाऊस तोंडावर आलाय. औंदा जसं हाय तसं चालू दे. दिवाळीला बैठक घिऊ.”

“दिवाळीला?” बुद्धप्रिय हसला. “तवा नदीत म्हशी बसत्यात सर. त्यांना वाचवायचं व्हय?”

“वकीलसाहेब,” नागोजी कप चुरगाळत म्हणाला, “तारखा कोर्टात मागा. हे राजीखुशीचं काम हाय. अक्षराताई मला भणीवानी हाय, ईचारा तिला. पर बोट देवीची. मढ्याला लागल्याले हात तिला लावून कसं चालंल?”

“मी दवाखान्यात रोज जिवंत माणसांना हात लावते, नागोजीदादा. तुमच्या आईला सलाईन मीच लावलं.”

“दवाखान्याचं येगळं,” नागोजी म्हणाला, आणि त्याच्या मागची पोरं, खरंच, दवाखान्याचं वेगळं, अशा अर्थानं माना हलवू लागली.

आण्णांनी अक्षराकडं बघितलं, मग नागोजीच्या मागं उभ्या असलेल्या पोरांकडं. तिला बोट दिली तर ही पोरं जाणार, आणि पोरं गेली तर दल राहणार नाही. न दिली तर फार तर ती गप्प बसेल. तिच्या बाजूचं गप्प बसणं आण्णांच्या चांगलं सवयीचं होतं.

“दिवाळीला,” ते म्हणाले. “माझी विनंती हाय.”

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नदी मळीत, म्हणजे काठच्या रानात, शिरली. वर महाराष्ट्रात धरणाची दारं उघडली, पूल दिसेनासा झाला, निपाणीचा रस्ता तुटला. गाव हायस्कुलात आलं. वरच्या मजल्यावर सातवीच्या वर्गात, फळ्यावर नकाशा काढून आण्णा वॉकीटॉकी घेऊन बसले. सकाळपासून एक नंबरनं पाच खेपा केल्या होत्या. दर खेपेला पायऱ्यांवर टाळ्या पडत, पोरं मोबाइलवर चित्रण करत, नागोजी जॅकेटची छाती पुढं काढून उतरे. दोन नंबर खालच्या गल्लीत म्हातारीकोतारी काढत होती. तिथं टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. आणि ती माणसं जिवंत असली तरी त्यांना दोन नंबर चालत होती.

दुपारी वॉकीटॉकी खरखरली. “आण्णा, नागोजी बोलतोय. मळीच्या अंगाला बाभळीत एक सामान अडकलंय. बाईमाणूस हाय. दोन नंबर पाठवा.”

‘सामान’ हा दलाचा शब्द. पोरं घाबरू नयेत म्हणून आण्णांनीच काढला होता.

त्यांच्या मार्गदर्शिकेत आणखी एक कलम होतं. मृत्यू ठरवण्याचा अधिकार फक्त डॉक्टरला. तोवर प्रत्येक माणूस जिवंत समजावा. हात लावून बघितलंस का, एवढंच विचारायचं होतं. पण तसं विचारणं म्हणजे जवळ जाऊन हात लाव असं सांगणं, आणि हात लाव असं सांगणं म्हणजे नागोजीच्या पोरांना दोन नंबरवर बसवणं.

“नीट बघितलंस न्हवं?” त्यांनी विचारलं.

“आता मढं काय नीट बघायचं आण्णा? तोंडाकडं बघत न्हाईत आमी.”

“बरं. पाठवतो.”

दोन नंबरचं इंजिन तीनदा खोकून चौथ्यांदा लागलं. गावाला वळसा घालून, उसाच्या बुडालेल्या शेंड्यांवरून ती मळीकडं निघाली. बऱ्याच वेळानं अक्षराचा आवाज आला.

“सर, हिनं पदर फांदीला बांधून घेतलाय.”

“म्हंजे?”

“म्हंजे मेलेलं माणूस गाठ मारतंय का, सर?” तिचा आवाज चढला. “नाडी हाय. बारीक हाय, पण हाय. अंग बरफ झालंय. आमचं इंजिन बंद पडलं, बुद्धा वल्ही मारतोय, धार उलटी हाय. एक नंबरला इकडं पाठवा. तिच्यात घालून पाचधा मिनिटांत शाळंत आणते मी. डॉक्टर बसल्यात न्हवं तिथं?”

डॉक्टर खाली बसले होते. आण्णांनी नागोजीला हाक दिली. एक नंबर हाकेच्या अंतरावर, पाण्याच्या टाकीपाशी होती.



“आण्णा,” नागोजी म्हणाला, “दोन नंबरमदलं माणूस एक नंबरमदी?”

“जिवंत हाय रं.”

“आता हाय. वाटंत गेली तर? बोट बाटली की. पोरं उतरतो म्हणाल्यात बगा. मग सांच्याला कोण हाय तुमच्याकडं?”

गोदामात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला हिशेब लवकर जमतो. एका पारड्यात एक बाई, बहुधा म्हातारी, बहुधा जाणारीच. दुसऱ्यात आख्खं दल, सांच्याच्या सगळ्या खेपा. आण्णांना आवाज चढवता आला असता. नौदलात त्यांनी तो फुटक्या डब्यांसाठी चढवला होता.

“विनंती हाय माझी, नागोजी,” ते म्हणाले.

“बगतो. आदी डिझेल घालून घेतो.”

त्या इंजिनाला पेट्रोल लागतं. हे आण्णांना माहीत होतं, नागोजीलाही होतं. दोघांनीही ते तसंच राहू दिलं.

दोन नंबर वल्ह्यांवर आली. ती शाळेच्या पायऱ्यांना लागली तेव्हा अक्षरा गुडघ्यांवर बसून त्या बाईची छाती दाबत होती, आणि बुद्धप्रियच्या तळहातांची सालं निघाली होती. डॉक्टर बोटीत उतरले, वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले आणि मग चष्मा पुसायला लागले.

“सर,” अक्षरा वरून आलेल्या आण्णांकडं न बघता म्हणाली, “समोरच्या वडाच्या वळणापत्तर जिती होती.”

गर्दी पुढं सरकली. कुणीतरी बाईच्या तोंडावरचे केस बाजूला केले आणि मागून एक बाई किंचाळली, “अगं बया, ही तर मालुबाई!”

मालुबाई. मळीतल्या खोपटात विड्या वळत एकटी राहणारी, लेक पुण्याला. नागोजीची चुलत चुलती. लहानपणी आई आजारी असताना त्याला महिनाभर जेवू घातलेली.

नागोजी गर्दी फाडून आला. बघितलं, मटकन पायरीवर बसला. त्याचं रडणं खरं होतं. कुणाला त्यात शंका घ्यायचं कारण नाही. पोटभर रडून झाल्यावर त्यानं मान वर केली, डोळे पुसले आणि समोर बघितलं. मालुबाई अजून फायबरच्या बोटीतच होती.

“माझ्या चुलतीला,” तो म्हणाला, “ह्या मढ्याच्या बोटीतनं का आणलासा?”

 सगळ्यांना हा प्रश्न रास्त वाटत होता.

“तुमीच मागवली की दादा,” बुद्धप्रिय म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तेवढी ताकद त्याच्यात उरली नव्हती.

तेवढ्यात वॉकीटॉकीवर तलाठ्याचा निरोप आला. वीटभट्टीच्या छपरावर मष्णूच्या घरची माणसं अडकलीयेत, पोरंबाळं आहेत, भिंत फुगलीये.

अक्षरा उठली. मालुबाईच्या अंगावर स्वतःची ओढणी टाकली, दोन नंबरमधून उतरली, पायऱ्यांवरून चालत पलीकडं बांधलेल्या एक नंबरपाशी गेली आणि ‘गंगामाई’ या अक्षरांवर पाय पडणार नाही अशी जपून आत चढली. मागं इंजिनापाशी जाऊन बसली. बुद्धप्रिय तिच्यामागं गेला. नागोजीची पोरं आत बसलेली होती, ती आपोआप अंग चोरून एका बाजूला झाली.

“अक्षराताई,” साईराज कसनुसा म्हणाला, “निदान आंघोळ तरी...”

“सकाळधरनं नदीतच हाय मी, साईराज. अजून कसली आंघोळ?”

पोरांनी नागोजीकडं बघितलं, नागोजीनं आण्णांकडं. आण्णा पायऱ्या उतरून खाली आले होते. समोर वडाचं वळण दिसत होतं.

“एक नंबर अक्षराची,” ते म्हणाले. “सगळ्यांनी जागेवर बसा. हा हुकूम हाय.”

हा शब्द दलात पहिल्यांदाच उच्चारला गेला. तो ऐकून पोरं आधी चक्रावली आणि मग दुखावली.

“हुकूम?” नागोजी पायरीवरून उठला. “आमी काय पगारी हाय व्हय तुमचे? राजीखुशीचं काम म्हणालतासा न्हवं?”

“व्हय, म्हणालतो. माझ्या राजीखुशीनं ती बाई मेली, नागोजी. आधी ‘हात लावून बघ’ म्हणायचं हुतं, ते म्हणालो न्हाय. मग तुला ‘जा’ म्हणायचं हुतं, तर ‘विनंती हाय’ म्हणालो.”

“आण्णा, मी माझ्या चुलतीच्या मढ्याजवळ उभा हाय...”

“मीबी तिथंच हाय.”

मग एकेक पोरगं उठलं. जॅकेटचे पट्टे सुटल्याचे आवाज आले. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. अशा वेळी आपल्याकडची माणसं फार सभ्यपणे वागतात. साईराज शेवटचा. तो बोटीच्या कडेवर एक पाय आत, एक पाय बाहेर असा थांबला, काठावरच्या आपल्या बापाकडं बघितलं आणि बाहेरचा पाय खरा मानला.

आण्णांनी त्याचं जॅकेट उचलून घातलं. ते त्यांना पोटावर बसेना. कितीतरी वर्षांत ते बोटीत बसले नव्हते.

“सर, पुढं बसा,” अक्षरा म्हणाली. “वाकून बसा, उभं राहू नका. मी सांगीन तवाच दोर टाकायचा.”

“व्हय,” आण्णा म्हणाले आणि बसले.

रबरी बोट भरल्या धारेत सांभाळायला चौघं लागतात. तिघं बसले होते. अक्षरानं इंजिनाच्या दोरीवर हात ठेवला, पण ओढली नाही. तिनं काठाकडं तोंड केलं. पायऱ्यांवर, व्हरांड्यात, गच्चीवर, खिडक्यांच्या गजांमागं आख्खं गाव दाटीवाटीनं उभं होतं.

“एक माणूस पायजे,” ती म्हणाली. “पोहायला येत नसलं तरी चालंल. नुसती वल्ही धरायची.”

बायकांत कुजबुज झाली. पुढं उभी असलेली दोघंतिघं मागच्यांना वाट करून देण्यासाठी म्हणून मागं सरली. मोबाइल वर झाले.

मग गच्चीवरून कुणाचा तरी कळवळलेला आवाज आला:

“अवं, आता थांबलाय कशाला? जावा की लवकर! तिकडं माणसं मरायला लागल्यात!”

अक्षरानं दोरी ओढली. बोट तिघांनिशीच निघाली.